बूच बांधलेला पफ

देवबागच्या शाळेत नेमणूक झाली आणि मी खोली शोधत त्या घरी गेले, तेव्हा पडवीत दोरीवर एका रांगेत सात जाळीदार फुलं वाळत होती. गुलाबी, पोपटी, जांभळी, एक तर चक्क भगवं. मला वाटलं, घरात कुणा लहान मुलीचा वाढदिवस असणार. तेवढ्यात खाकी अर्धी चड्डी आणि बनियन घातलेले एक उंच, काळेशार गृहस्थ आतून आले. त्यांनी त्यातलं एक फूल काढलं, दोन्ही हातांनी दाबलं, नाकाशी नेऊन वास घेतला, परत टांगलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नवीन बाई काय? खोली आसा. भाड्याचा मागे बोलू. आदी सांगा, तुमचो साबण खंयचो?"

भाड्याच्या आधी साबणाची चौकशी करणारा घरमालक मी तरी दुसरा पाहिला नाही. मी साबणाचं नाव सांगितलं. त्यांनी चेहरा असा केला, जणू मी नासकी कोळंबी आणली आहे. "आंग कोरडा करता तो," म्हणाले, आणि खोलीची किल्ली हातात ठेवली. किल्लीसोबत एक पोपटी फूलही दिलं. ती अंग घासायची घरी केलेली जाळी होती, शहरातल्या दुकानात पफ म्हणून मिळते ती. गावात त्यांना सगळे तांडेल म्हणत. तांडेल म्हणजे मासेमारीच्या होडीवरचा मुख्य. होडी विकून बरेच दिवस झाले होते, पण हुद्दा काही उतरला नव्हता. मी त्यांना काका म्हणायचे आणि बाकीच्यांशी बोलताना तांडेलच.

होडी का विकली ते सगळ्या देवबागला माहीत होतं. काकी, म्हणजे त्यांची बायको, विहिरीच्या चिऱ्यावरून घसरल्या आणि कण्यालाच मार बसला. त्यानंतर कमरेखाली जीव उरला नाही. कमरेच्या वर मात्र चार माणसांना पुरेल इतका होता. खाटेवरून त्या अख्खं घर चालवत. कुठल्या डब्यात कोकमं आहेत, कुणाच्या होडीला आज बांगडा लागला, माझ्या वर्गातल्या कुठल्या पोराच्या बापाशी सांभाळून बोलायला हवं, हे सगळं त्यांना झोपल्या जागी ठाऊक असे.

मालवणच्या डॉक्टरांनी तांडेलांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "कमरेचं जाऊ दे, पाठ सांभाळा. पडून राहिलेल्या माणसाला कमरेचं दुखणं मारत नाही, पाठीला जखमा होतात त्या मारतात." गावात तसं एक माणूस गेलंही होतं. तांडेल घरी आले आणि काकींच्या देखतच म्हणाले, "माझ्या जाळ्याक भोक पडला आनि मी ता तसाच ठेवन झोपलंय, असा कधी झाला? मगे तुझ्या पाठीक कसा पडूक देयन?" हे मला काकींनीच सांगितलं, आणि सांगताना त्या गालातल्या गालात हसत होत्या. लग्नाला चाळीस वर्षं होऊन नवरा असं काहीतरी बोलला की बाईमाणसाने हसायचं नाही तर काय करायचं!

तर तिथून ह्या पफांचं सुरू झालं. जुन्या साडीचं फडकं खरखरीत लागायचं, दुकानातला पफ आठवड्यात सुटून त्याची शेपटी व्हायची. तांडेल म्हणाले, मी असताना जाळी विकत कशाला आणायची! पहिला पफ त्यांनी खऱ्या मासळीच्या जाळ्याचाच केला. घरात होतं त्यातलं सगळ्यात बारीक नायलॉनचं जाळं कापलं, गोळा बांधला, साबण लावला आणि मोठ्या अभिमानाने काकींच्या पाठीवरून फिरवला. काकींची पाठ बधिर नव्हती. त्या ओरडल्या, "ओ, माका काय सरंगो समजलास? खवळां काढतास?" पाठीवर लालभडक रेघ उठली होती. सरंगा म्हणजे पापलेट. त्या दिवशी तांडेल जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते कापडाची नेट शोधायला लागले.

कसालची गोष्ट मी डोळ्यांनी बघितलेली आहे. मी शनिवारी फोंडाघाटला आईकडे जायची. एकदा एसटीने कसालपर्यंत तांडेल माझ्याबरोबर आले. हायवेलगत एक कापडाचं दुकान आहे, तिथे त्यांनी फ्रॉकच्या नेटचे सगळे तागे उतरवले. एकेक पदर उजेडात धरला. जाळ्याच्या एका घराला आस म्हणतात, तो आस ते अंगठ्याच्या नखाने मोजत होते. मग नेट गालाला लावली, मनगटाच्या आतल्या बाजूला घासली, आणि शेवटी दुकानदाराला म्हणाले, "वायच पाणी हाडशात?" कापड भिजवून बघायचं होतं. दुकानात आणखी गिऱ्हाइकं होती. दुकानदार ओळखीचा, पण त्याचाही धीर सुटला.

"तांडेलानू, ह्या फ्रॉकाचा कापड. ह्येच्यात खंयचो मासो गावतलो?"

"मासो धरूचो नाय हा," तांडेल म्हणाले. "माणूस धरून ठेवचो आसा."

दुकानदार वळला. आत जाऊन वाटीत पाणी घेऊन आला. पुढे ती वाटी त्याने तांडेलांसाठी फळीवरच ठेवली होती. मी फोंड्याच्या बाजारातून, कोल्हापूरकडून आलेली एक सुंदर, टिकल्या लावलेली नेट त्यांना आणून दिली होती. ती त्यांनी दोन बोटांत धरली आणि म्हणाले, "ही लग्नाक बरी. आंगाक नको." माझा मान राखायला तिचा पडदा करून देवघराला लावला.

पफ करायची त्यांची रीत ठरलेली होती. एक वीत रुंद आणि तीन वाव लांब पट्टी. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की ह्या बोटापासून त्या बोटापर्यंतचं अंतर. समुद्राची खोली मोजायचं माप, ते बाथरूमपर्यंत आणलं होतं. स्टूल उलटं टाकून त्याच्या दोन पायांभोवती पट्टी गुंडाळायची, मधोमध दोरीने आवळायची, जाळं विणायच्या बांबूच्या सुईने गाठ मारायची, मग स्टुलावरून उतरवून एकेक पदर बोटांनी मोकळा करायचा. मी एकदा हट्टाने स्वतः केला. माझी गाठ त्यांनी ओढली, ती सुटली. "बाईनू, ही गाठ न्हय, हो नवस. लागलो तर लागलो."

आणि घासायचं नाही, हा कायदा. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांनी सांगितलं होतं, पाठ रगडायची नाही, नुसता फेस फिरवायचा, पुसताना टिपायचं. त्यामुळे तांडेल पफाला एका हाताच्या मुठीत चुरून फेस करत आणि फेसच पाठीवर नेत. "काम फेसाचा. जाळा नुसता निमित्त." सात वारांना सात पफ, ओला पफ परत वापरायचा नाही, आणि वाळवायचे ते सावलीत.

ह्या सगळ्यात एक गोष्ट मला कधी पटली नाही. प्रत्येक पफाच्या पोटात ते एक बूच बांधायचे. जाळ्याची वरची कड पाण्यावर राहावी म्हणून तिला जे हलके तुकडे बांधतात, तसा, सुपारीएवढा कापलेला. पफ बादलीत टाकला की बुडी मारून टुणकन वर यायचा. मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "काका, गुडघाभर बादलीत हा बुडून बुडून कुठे जाणार?" त्यांनी उत्तर दिलं, "जाळा तळाक गेला की ता आपला ऱ्हवना नाय." मी मनात म्हटलं, घ्या, होडी सुटली तरी खोड सुटत नाही.

रोज सकाळी दहाच्या सुमारास काकींची आंघोळ व्हायची. शाळेला सुट्टी असली की मला माझ्या खोलीतून सगळं ऐकू यायचं. दार बंद, पूर्वेची खिडकी मात्र उघडी, कारण उजेड पाहिजे. आत दोघांचं भांडण चालायचं. "ओ, धरा माका, पडतंय!" "धरलंय मा!" "पाणी कानात गेला!" "मगे कान बंद कर!" त्या खोलीत तिसऱ्या माणसाला मज्जाव होता. भांडण संपलं की क्षणभर शांतता. आणि मग तांडेल सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकायचे: "अख्खी!"

होडीवर असताना जाळं तपासून झालं, कुठे भोक नसलं, की तांडेलाने ओरडून सांगायचं, अख्खा. तसं आता काकींच्या पाठीचं. शेजारच्या होमस्टेतल्या पाहुण्यांना वाटायचं, इथली काहीतरी सकाळची प्रथा असेल. एकाने तर उलट आरोळी देऊन पाहिली होती. डॉल्फिन दाखवायच्या होडीवर चला म्हणून तांडेलांना कितीदा बोलावणं आलं, मान मिळाला असता, पण ते म्हणायचे, "मासे दाखवचे आनि धरूचे नाय, ही खंयची रीत?" खरं कारण मला माहीत होतं. दहाला त्यांना घरी असायचं असे.

दुसऱ्या पावसाळ्यात एक दिवस आरोळी आली नाही. मी वह्या तपासत होते. पेन हातात तसंच राहिलं. थोड्या वेळाने तांडेल बाहेर आले आणि पडवीत नुसते बसले. काकींच्या माकडहाडापाशी लाल डाग दिसला होता, कातडी फुटली नव्हती पण दाबलं तरी लाली जात नव्हती. हवा ओली, चादरी वाळत नव्हत्या, आणि कूस बदलण्यात एका दुपारी उशीर झाला होता. पुढचे चार दिवस त्या माणसाने मोबाईलचा गजर लावून दर दोन तासांनी काकींची कूस बदलली. चादरी माझ्या इस्त्रीने कोरड्या केल्या. सिस्टर दोनदा येऊन गेल्या. काकींचं तोंडसुद्धा गप्प होतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. पाचव्या दिवशी आंघोळ लवकर घेतली होती; मी शाळेला निघाले होते, छत्री उघडत होते, तेवढ्यात आतून आलं: "अख्खी!" मी पडवीच्या खांबाला धरून रडले. शाळेत उशीर झाल्याचं कारण हेडमास्तरांना काय सांगणार? टायर पंक्चर सांगितलं. माझ्याकडे सायकलही नव्हती.

असा माणूस, आणि ह्याच माणसाशी मी भांडले. त्याचं झालं असं. शेजारी होमस्टे चालवणाऱ्या वहिनींनी ते रंगीत पफ बघितले आणि त्यांच्या बचत गटाने ठरवलं, देवबागातल्या सगळ्या होमस्टेंच्या न्हाणीघरात आपलेच पफ ठेवायचे. तांडेलांनी हौसेने पडवीत बायका बसवून सगळ्यांना शिकवलं. पण पाहुण्यांच्या तक्रारी आल्या: आत काहीतरी टणक लागतं. एका पाहुण्याने तर कात्रीने पफ फाडला, बूच बाहेर काढला आणि त्याचा फोटो टाकला, की आत थर्माकोल भरून फसवणूक चालली आहे. वहिनी धावत आल्या.

"तांडेलानू, बूच काढून टाका. पावण्यांक शॉवर आसा, बादली नाय! शॉवरात खंय बुडतलो?"

"मगे तेंका पफ तरी कित्या होयो? ऱ्हवांदेत नळाखाली उभे."

"तुमी हट्ट करतास."

"बूच नसलो तर तो पफ न्हय, चिंधी. माझ्या हातान चिंधी जावची नाय."

वहिनींनी मला पंच म्हणून बोलावलं. शिक्षकांना हा रोग असतो, कुणी विचारलं की मत द्यायचंच. मी छान समजावून सांगितलं: बादली लहान, पफ मोठा, हात घातला की मिळतो, मग बुचाचं प्रयोजन काय? तांडेल माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. मग म्हणाले, "बाईनू, तुमचे दोनय हात मोकळे आसत. देव करो, तसेच ऱ्हवांदेत." आणि आत निघून गेले.

मला ते झोंबलं. दिवसभर फळ्यापुढे उभं राहणारीला हा माणूस रिकामी म्हणतो! त्याच संध्याकाळी मी माझ्या पफाचं पोट उसवून बूच काढून टाकला. दुसऱ्या दिवशी दोरीवर माझा पफ बाकीच्यांपेक्षा लुळा लोंबत होता. तांडेलांनी तो पाहिला आणि बोटाने किंचित हलवला. दोन दिवस माझ्याकडे रोजची आमटीची वाटी आली नाही. तिसऱ्या दिवशी काकींनी हाक मारली, "त्येंचा मनाक लावन घेव नको गो. तेंका सांगूक येणा नाय." आणि वाटी परत सुरू झाली. गटातल्या बायकांनी बुचाशिवाय पफ केले, ते चांगले चालले, आजही चालतात. त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

चार वर्षांनी माझी कणकवलीला बदली झाली. निघताना तांडेलांनी वर्तमानपत्रात बांधलेला एक पफ माझ्या पिशवीत टाकला, तोच पोपटी रंग. "ह्येचो बूच कापू नकात," म्हणाले. "आज लागाचो नाय. पण ऱ्हवांदे." मी तो वापरला नाही. फोंड्याच्या घरी कपाटात साड्यांच्या मागे ठेवून दिला.

गेल्या वर्षी फोंड्याला आई अंगणात पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि ती खाटेला खिळली. मी रजा घेतली. घरात आम्ही दोघीच. पहिल्या दिवशी मी बादली भरली, दुकानातला पफ आत टाकला, आईला कुशीवर वळवलं. वळवलं तर खरं, पण ती परत उताणी येऊ लागली, म्हणून डावा हात तिच्या खांद्याखाली घालून तिला धरून ठेवलं. आणि उजवा हात मागे बादलीत घातला. पफ तळाशी गेला होता. बादली खाटेच्या मागे, मला दिसत नव्हती. मी कोपरापर्यंत हात बुडवून चाचपत राहिले. वाकावं तर आई सुटते, आईला धरावं तर हात तळापर्यंत पोचत नाही. "गो, पडतंय, धर माका," आई म्हणाली, आणि हे वाक्य मी चार वर्षं भिंतीपलीकडून ऐकत होते.

तुमचे दोनय हात मोकळे आसत. त्या माणसाने मला टोमणा मारलाच नव्हता. त्याने मला सरळ उत्तर दिलं होतं, आणि मी, मराठीची शिक्षिका, ते समजले नव्हते. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी साड्यांच्या मागून पोपटी पफ काढला. आईला धरलं, न बघता हात मागे नेला. पफ पाण्यावर येऊन थांबलेला होता. बोटं लागली ती त्यालाच.

आठवडाभरात कळलं, एका पफाने भागणार नव्हतं, सात हवे होते. नेट आणली, स्टूल उलटं टाकलं, पण बूच पट्टी गुंडाळायच्या आधी घालायचा की गाठ मारताना, ते आठवेना. मी देवबागला फोन लावला.

"काका, मी बोलतेय. तो बूच कधी घालायचा? आधी, की गाठीच्या वेळी?"

पलीकडे पाणी ओतल्याचा आवाज थांबला. मग त्यांनी विचारलं, "कोण आसा खाटेर?"

"आई."

"गाठीच्या येळाक. दोरी बुचातसून घाला." एवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला, "ओ, कोणाचो फोन? माझा पाणी थंड जाता!" मी घड्याळ पाहिलं. दहा वाजून गेले होते. "न्हाणयतंय तिका," तांडेल म्हणाले. "एक हात मोकळो होतो, म्हणान फोन उचललंय. थांबा, धरून ऱ्हवा."

मी फोन कानाला लावून थांबले. पाण्याचा आवाज, काकींची कुरकुर, टॉवेल झटकल्याचा आवाज. मग शांतता. मग फोन कानापासून लांब धरावा लागला, इतक्या मोठ्याने: "अख्खी!"

"आता तुमच्या आवशीची बघा," ते म्हणाले. "मी थांबतंय."

आठवडाभर मी आईची पाठ धूत होते, पुसत होते, पण नीट बघितली नव्हती. बघायचा धीरच झाला नव्हता. फोन खाटेवर ठेवला. खिडकी सताड उघडली. आईला डाव्या हाताने धरून कुशीवर घेतलं आणि मानेपासून माकडहाडापर्यंत, एकेक वीत करत, उजेडात पाहिलं. मग मैदानावरच्या शेवटच्या रांगेला ऐकू जावं अशी ओरडले, "अख्खी!"

आई दचकली. तिचं तोंड भिंतीकडे होतं, मी मागून सांगितलं, "तुझी पाठ गो, कुठेच जखम नाही." पडल्यापासून ती आपल्याबद्दल काही विचारतच नसे.

मग म्हणाली, "परत सांग गो."